वाघाचं जंगल सोडा, पाळ धरा

नागपूरच्या एका सायकलस्वाराचा प्रश्न आहे. रोड बाइकवर दोन-तीन बीआरएम, म्हणजे ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, झाल्या, आता ४० मिलिमीटर टायरची ग्रॅव्हल बाइक, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीची सायकल, घेतली आहे. हिवाळ्यात तीन दिवस काढून गोंदिया-भंडाऱ्याकडच्या नवेगावबांध-नागझिऱ्याच्या जंगलातून, तळ्यांच्या काठानं, शक्यतो डांबर टाळून फिरायचं आहे. मार्ग कुठला घ्यावा, टायरमध्ये हवा किती ठेवावी, आणि वाघाचं काय?

वाघापासूनच सुरुवात करते, कारण मार्ग त्यावरच ठरतो. माझं माहेर अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. गेली बारा वर्षं या भागात सायकल चालवते, त्यातली शेवटची सहा ग्रॅव्हलवर. दर हिवाळ्यात कुणीतरी मोबाइलमध्ये एक सुंदर रेघ घेऊन येतं. रेघ साकोलीकडून पिटेझरीला जाते, नागझिऱ्याच्या मधोमध घुसते आणि पलीकडं चोरखमाऱ्याला निघते. नकाशात तिथं खरोखरच रस्ता आहे. ॲपला तो कच्चा, सावलीचा आणि बिनरहदारीचा दिसतो, म्हणून ते आनंदानं तुम्हाला तिकडं वळवतं. पण नागझिरा १९७० पासून अभयारण्य आहे, नवेगाव १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान, आणि डिसेंबर २०१३ मध्ये हे सगळं मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. आत सायकल चालत नाही. पिटेझरी, चोरखमारा, मंगेझरी या गेटांवरून जिप्सीतून जायचं, ठरलेल्या वेळी बाहेर यायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय आत शिरणं हा गुन्हा आहे. गेटवरच्या वनरक्षकाशी हुज्जत घालू नका, तो बिचारा तुमच्याच जिवासाठी तिथं उभा असतो.

तेव्हा तुमच्या प्रश्नातलं ‘जंगलातून’ खोडून ‘जंगलाच्या कडेनं’ करा. यात तुमचं काही नुकसान नाही. सायकलीसाठी या भागातलं जे सगळ्यात चांगलं आहे ते गेटाच्या बाहेरच आहे, आणि ते वनखात्यानं केलेलं नाही. ते कोहळी समाजानं केलंय.

भंडारा आणि गोंदिया मिळून पूर्वी एकच जिल्हा होता. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला. शाळेत आम्ही ‘तलावांचा जिल्हा’ म्हणून घोकायचो, तेव्हा त्यात विशेष काही वाटायचं नाही, कारण ज्या गावाला तळं नाही असं गाव आम्ही पाहिलंच नव्हतं. गोंडराजांच्या काळात इथं आलेल्या कोहळी समाजानं ही तळी बांधली. जो तळं बांधील त्याला त्याखालची जमीन, असा तेव्हाचा व्यवहार. पुढं मालगुजार, म्हणजे सारा वसूल करणारे जमीनदार, आले, तळी त्यांची झाली. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तळी सरकारजमा झाली. म्हणून कागदोपत्री त्यांचं नाव ‘माजी मालगुजारी तलाव’, आणि बोलताना सरळ ‘मामा तलाव’. पूर्व विदर्भाच्या चार जिल्ह्यांत मिळून ते साडेसहा हजारांच्या वर आहेत. शिवाय शेतकऱ्यांच्या खासगी बोड्या, म्हणजे लहान तळकी, त्या वेगळ्याच. नवेगावचं मोठं तळं कोलू पाटील कोहळी यानं बांधलं असं सांगतात. सभोवतीच्या डोंगरांना ‘सात बहिणी’ म्हणतात, आणि कोलू पाटलाची कोलासूर म्हणून आजही पूजा होते. तळं बांधणारा माणूस देव झाला, यावरून इथल्या लोकांना पाण्याचं काय मोल आहे ते कळेल.

आता यात सायकलवाल्याच्या कामाचं काय? तळी एकेकटी नाहीत. वरच्या तळ्याचा सांडवा भरला की पाणी ओढ्यानं खालच्या तळ्यात जातं, तिथून त्याच्या खालच्यात. अशा साखळ्या आहेत. पाणी जिथून जातं त्याच्या बाजूनं माणूसही जातो, कारण पाणी सोडायला, अडवायला, मासे धरायला, बैल धुवायला त्याला जावंच लागतं. त्यामुळं एका पाळीवरून दुसऱ्या पाळीवर नेणारी वाट जवळजवळ नेहमीच सापडते. पाळ म्हणजे तळ्याचा मातीचा बांध. चढ जवळजवळ नाही, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, डोक्यावर मोह, आंबा नाहीतर अर्जुन. ग्रॅव्हल बाइकसाठी याहून चांगला रस्ता मला अजून कुठं मिळालेला नाही, आणि मी सह्याद्रीतल्या धरणांच्या काठानंही बरीच फिरले आहे. तिकडचे चढ जीव काढतात. इथं जीव काढते ती माती, तिच्याकडं येतेच.

घरून निघण्याआधी उपग्रहाचं चित्र उघडा आणि निळे ठिपके जोडत जा. ठिपका अर्धचंद्रासारखा दिसतो. त्याची सरळ कड म्हणजे पाळ. दोन ठिपक्यांच्या मध्ये हिरव्या चौकटी म्हणजे बांध्या, त्यांतून जाणारी जरा जाड, वाकडी, तपकिरी रेघ म्हणजे पांदण, शेतांमधली बैलगाडीची वाट. बारीक सरळ रेघा म्हणजे धुरे, म्हणजे बांध्यांचे बांध. त्यावरून सायकल नेऊ नका. दिसायला भुरळ घालतात, पण ते हातभर रुंदीचे असतात आणि मऊ. चाक फसलं की धुरा फुटतो, बांधीतलं पाणी निघून जातं, आणि मग तो शेतकरी जे बोलेल ते ऐकून घ्यावं लागेल.

रस्त्यांचा दर्जा एका गोष्टीवरून आधीच ओळखता येतो. शंभर हेक्टरच्या वर भिजवणारं तळं असेल तर ते बहुधा पाटबंधारे खात्याकडं असतं, त्याच्या पाळीवर आणि नहरावर, म्हणजे कालव्यावर, गाडी जाईल असा मुरमाचा रस्ता राखलेला असतो. त्याहून लहान तळी जिल्हा परिषदेकडं, आणि तिथं जी काही वाट आहे ती बंडीची, म्हणजे बैलगाडीची, चाकोरी. चाकोरीत दोन खोल घळी आणि मध्ये गवताचा उंचवटा असतो. नवखा माणूस घळीत चालवतो, कारण तिथं गवत नाही. पेडल उंचवट्याला आपटतं आणि तो आडवा होतो. उंचवट्यावरूनच चालवा. गवत पायाला लागेल, पण खाली जमीन घट्ट असते.

नहराच्या काठचे रस्ते वेगात जायला उत्तम. इटियाडोह धरणाच्या नहराच्या बाजूनं तुम्ही तासाला वीस-बावीसचा वेग सहज धराल. मैलोन्‌मैल सपाट, डावीकडं वाहतं पाणी. पण दर थोड्या अंतरावर एक पाट फुटतो, त्यावर सिमेंटचा पाइप टाकलेला असतो, आणि त्या पाइपच्या दोन्ही बाजूंची माती खचलेली असते. दुरून दिसत नाही. पुढचं चाक त्यात गेलं की हँडल हातातून सुटतं. माझ्या मनगटाला एक बारीक चीर गेली होती ती अशाच एका खड्ड्यात, आणि तेव्हा मी बगळा बघत होते.

मातीचं सांगते. इथले शेतकरी जमिनीला कन्हार, मोरंड, सिहार, खरडी, बरडी अशी नावं देतात, आणि सायकल चालवताना ही नावं कुठल्याही टायरच्या जाहिरातीपेक्षा जास्त कामाची आहेत. बरडी म्हणजे मुरमाड, खडेवाली, पाणी न धरणारी. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी तिच्यावरून बिनदिक्कत जा. कन्हार म्हणजे काळी, भारी, चिकट. वाळली की सिमेंटसारखी टणक, ओली झाली की विचारू नका.

चार वर्षांपूर्वी नोव्हेंबरात अवकाळी पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन, म्हणून आम्ही तिघी निघालो. अर्जुनीच्या अलीकडं एका पांदणीत शिरलो. पहिले दोनशे मीटर बरे गेले. मग पुढचं चाक जड झालं. खाली पाहिलं तर टायर दिसेना, नुसती काळी वळी, तिला तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, काड्या चिकटलेल्या. फोर्क आणि टायर यांच्यात बोटभर जागा असते, ती गच्च भरली आणि चाक फिरायचं थांबलं. बांबूची चिपाटी घेऊन खरवडायचं, दहा पावलं ढकलायचं, परत खरवडायचं. सायकल उचलावी तर ती आता वीस किलोची झालेली. त्या पांदणीला बाहेर पडायला वाट नाही, दोन्ही बाजूंना बांध्यांत कापलेल्या धानाचे कडपे पडलेले, भिजलेले. धुऱ्यावर एक म्हातारे बाबा आपल्या भिजलेल्या कडप्यांकडं बघत बसले होते. त्यांचं वर्षाचं पीक पाण्यात, आणि तरी आम्हाला बघून त्यांना हसू आलं. म्हणाले, “बाई, सायकल तुमाले नेऊन राह्यली, का तुमी सायकलीले?” मग त्यांनीच उठून एक मोळी तणस आणून चिखलावर पसरलं आणि आम्हाला बाहेर काढलं. अडीच किलोमीटरला दोन तास लागले. डिरेलरचा हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा भाग जिच्यावर बसतो ती पट्टी, वाकला तो वेगळाच.

तेव्हापासून माझा नियम असा: पाऊस झाला की दोन दिवस फक्त मुरमाचे आणि नहराचे रस्ते. पांदणीत शिरण्याआधी सायकलवरून उतरून टाचेनं जमीन दाबायची. टाच रुतली आणि वर उचलताना माती चिकटून आली, तर मागं फिरायचं. आणि हँगर सुटा सोबत ठेवायचा. तुमच्या मॉडेलचा हँगर साकोलीत काय, भंडाऱ्यातही मिळणार नाही.

आता मार्ग. मीटर-मीटरची रेघ देत नाही, कारण पांदणी दरवर्षी बदलतात. कुणी अतिक्रमण करतं, कुठं खडीकरण होतं, कुठं रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, वाहून जातो. ठाम गावं देते, मधलं विचारत जा.

नागपूरहून गाडीवर सायकल टाकून साकोलीला या, महामार्गानं शंभर किलोमीटर आहे. महामार्गावर सायकल चालवण्यात काही अर्थ नाही, ट्रकांची रांग असते. साकोलीहून सौंदड गाठा, वाटेत चुलबंद नदी लागते. सौंदडला गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्ग आडवा येतो. तिथून दक्षिणेला रेल्वेच्या आसपासच्या गावागावांतून देवलगावकडं सरका. हा पहिला दिवस मुद्दाम सोपा ठेवा, वळणावळणांनी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर भरतील. रोड बाइकवरून आलेल्या माणसाला हे अंतर हास्यास्पद वाटतं. वाटू द्या. इथं ताशी बारा-तेराची सरासरी पडली तरी चांगलं समजा, कारण दर तळ्यावर तुम्ही थांबणार आहात. मुक्काम नवेगावबांधला. मोठं तळं राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तेव्हा सायकल बाहेर लावून, तिकीट काढून पायी जा. संध्याकाळी चार-साडेचारला पाळीवर बसा. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेली बदकं तळ्याच्या मध्यावर काळ्या पट्ट्यासारखी तरंगत असतात. नशीब असेल तर काठच्या झुडपातून पाणमांजरांचं कुटुंब पाण्यात उतरताना दिसतं. मला बारा वर्षांत तीनदा दिसलं.

दुसरा दिवस लांबचा, सत्तरच्या आसपास, आणि तिन्ही दिवसांत माझा सर्वात आवडता. नवेगावबांधहून अर्जुनी मोरगाव, तिथून गोठणगावकडं, आणि पुढं इटियाडोह. गाढवी नदीवरचं हे धरण तळ्यांच्या मानानं समुद्रच आहे. गोठणगावजवळ, प्रतापगडच्या पायथ्याशी तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नॉर्ग्येलिंग. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वसलेली. धानाच्या बांध्यांतून येता येता अचानक रंगीत पताका आणि बौद्ध मठ समोर येतो. पहिल्यांदा येणाऱ्याला आपण रस्ता चुकलो की काय असं वाटतं. तिथली वृद्ध मंडळी मराठी बोलतात, तीही आमच्या झाडीबोलीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या बोलीच्या, वळणाची. मठात जाताना सायकलचे क्लिटवाले बूट काढून ठेवा, आणि प्रार्थना चालू असेल तर फोटो नको. प्रतापगडच्या डोंगरावर महादेव आहे आणि दर्गाही आहे, महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. त्या चार-पाच दिवसांत हा रस्ता धरूच नका, माणसांनी आणि गाड्यांनी फुललेला असतो. परतताना शक्य तेवढं नहराच्या काठानं या.

गोठणगावच्या पुढं केशोरी, आणि तिकडं पूर्वेला चिचगड-देवरी. केशोरीची मिरची नावाजलेली आहे, रस्तेही देखणे आहेत, पण हा पट्टा बरीच वर्षं नक्षलग्रस्त म्हणून नोंदलेला होता. परिस्थिती पूर्वीसारखी राहिलेली नाही, तरी अनोळखी माणसानं एकट्यानं आडवाटेला लागण्याआधी ठाण्यात सांगून जावं. मी स्वतः तिकडं ओळखीच्या माणसाशिवाय जात नाही. दक्षिणेला वडसा-ब्रह्मपुरीच्या जंगलातही सायकल नको. तिथं वाघ आणि माणूस यांची गाठ वारंवार पडते. सरपणाला, मोहफुलांना गेलेली माणसं दरवर्षी जिवानिशी जातात. आपल्या हौसेसाठी त्या आकड्यात भर नको.

तिसऱ्या दिवशी दोन पर्याय. दमला असाल तर दुसऱ्या वाटेनं सौंदड-साकोलीला परत या, शिवनीबांधचं पाणी बघा आणि घरी जा. पाय शिल्लक असतील तर गाडी घेऊन तिरोड्याकडं जा आणि नागझिऱ्याच्या उत्तर अंगाला बोदलकसा आणि चोरखमारा ही दोन तळी सायकलीनं जोडा. बोदलकसा तिन्ही बाजूंनी टेकड्यांत आणि जंगलात वसलेलं आहे. या सगळ्या भागात ‘तळ्याकाठचं जंगल’ म्हणून तुमच्या मनात जे चित्र असेल ते हेच. फक्त इथं जंगल अंगावर येतं, तेव्हा वेळेचं बंधन कडक. सकाळी आठच्या आधी आणि दुपारी साडेचारनंतर रस्त्यावर नको.

यावरून जनावरांचं. वाघाला सायकलवाल्यात रस नसतो. पण वाकून, शांतपणे, बिनआवाज सरकणारी आकृती त्याला काय वाटेल हे सांगता येत नाही. म्हणून जंगलाच्या कडेला गप्पा मारत, घंटी वाजवत जा. मोहाच्या खाली, नाल्याच्या वळणावर थांबून पाणी पिऊ नका, उघड्यावर थांबा. मला स्वतःला वाघापेक्षा अस्वलाची भीती जास्त वाटते. वाघ आवाज ऐकून बाजूला होतो. अस्वल खाण्यात गुंग असलं की त्याला कळतच नाही, आणि कळतं तेव्हा तुम्ही पाच पावलांवर असता. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळतात तेव्हा पहाटे झाडाखाली अस्वल हमखास. त्याच वेळी गावातल्या बायकाही टोपल्या घेऊन तिथंच असतात, पण त्या चार-पाच जणी मिळून जातात, मोठ्यानं बोलतात. त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. रानटी हत्तींचंही ऐकून ठेवा. २०२१ मध्ये छत्तीसगडकडून एक कळप गडचिरोलीत उतरला, पुढच्या वर्षी तो अर्जुनी मोरगाव तालुक्यातही येऊन गेला. सकाळी चहाच्या टपरीवर ‘हत्ती कुठं आहेत’ हा प्रश्न आता इथं गमतीचा राहिलेला नाही.

एक धोका कुठल्याही मार्गदर्शिकेत लिहिलेला नसतो. रानडुकरांपासून पीक वाचवायला काही जण शेताभोवती तार लावून तिच्यात वीज सोडतात. बेकायदा आहे, त्यात माणसंही मेली आहेत, तरी चालतं. म्हणून अंधार पडल्यावर किंवा उजाडण्याआधी लघवीला म्हणूनसुद्धा शेतात शिरू नका. रस्त्यावरच राहा, लाज गेली तरी चालेल.

मौसम एका वाक्यात: नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. पावसाळ्यात रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस डोळ्यांना सुखावतात खरे, पण सायकल चालणार नाही. आणि सारसांची घरटी तेव्हाच धानाच्या बांध्यांत असतात. महाराष्ट्रात सारस उरलाय तो जवळपास गोंदियाच्या आसपासच, परसवाडा-झिलमिलीच्या तळ्यांकडं. हिवाळ्यात जोडी दिसली तर लांबूनच बघा, सायकल पाळीवरून पुढं काढू नका. ती उडाली तर त्या दिवसाचं त्यांचं चरणं गेलं. एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो आणि रानात तेंदूपत्त्याची लगबग असते. तेव्हा घरी बसा.

सायकलीचं तुम्ही फार विचारलंय, थोडक्यात उरकते. तुमचे ४० चे टायर पुरेसे आहेत. फोर्कमध्ये जागा असेल तर ४५ चे घाला, पण चिखलासाठी बोटभर मोकळी जागा उरली पाहिजे. ती उरत नसेल तर ४० च बरे. ट्यूबलेस करूनच या. बाभळीचे काटे, बोरीचे काटे आणि गोखरू यांनी इथं ट्यूबचं जाळं होतं. तुमचं वजन सत्तरच्या आसपास असेल तर पुढं ३०, मागं ३३ पीएसआय हवा ठेवा. पाठीमागं सामान बांधलंत तर मागं तीन-चार वाढवा. ट्यूबच घालून आलात तर ४२ च्या खाली जाऊ नका, रपट्याच्या कडेवर ट्यूब चिमटते. सीलंट, म्हणजे टायरमधलं भोक बुजवणारं द्रव, आमच्या उन्हात दोन-अडीच महिन्यांत वाळतं, निघण्याच्या आदल्या आठवड्यात नवं भरा. गिअरची काळजी नको, चढ आहेतच कुठं. पाणी तीन लिटर. तळ्याचं पाणी कितीही निर्मळ दिसलं तरी पिऊ नका. गावात हातपंप आहेत, आणि मागितलं तर घरातून तांब्या येतो. मुक्कामाला मच्छरदाणी किंवा निदान मलम ठेवा, या भागात मलेरिया आहे. मोबाइलला जंगलाच्या कडेनं रेंज जाते, नकाशा आधीच उतरवून घ्या.

नोव्हेंबरात आलात तर रस्त्यावर धान वाळत घातलेलं दिसेल, अर्ध्या डांबरावर पसरलेलं, कडेला दगड मांडलेले. गाड्या त्यावरून जातात म्हणून तुम्ही जाऊ नका. तुमच्या टायरच्या खाचांत अडकून दाणे वाया जातात, आणि कुणीतरी म्हातारी काठी घेऊन राखणीला बसलेली असते, ती बघत असते. उतरा, कडेनं ढकला, ‘पिकलं का यंदा?’ एवढं विचारा. चहा मिळेल.

दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. ठरलेल्या दिवशी ठरलेलं गाव. दुकानं, पाळणे, पाहुणे, आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक, पहाटेपर्यंत चालणारं. तुमच्या वाटेत मंडई आली तर त्या दिवसाचं अंतर विसरा. सायकल कुणाच्या तरी अंगणात लावा आणि नाटकाला बसा. घरमालक जेवायला बोलावतील. भात, लाखोरीची डाळ, हंगाम असला तर तळ्यातले झिंगे. दुसऱ्या दिवशी झोप अर्धवट आणि पोट जड घेऊन निघावं लागतं, तेव्हा दहा वाजेपर्यंत फक्त नहराचा रस्ता.

मासे खायचेच असतील तर तळ्यावर जाऊन घ्या. पहाटे ढिवर मंडळी जाळं ओढत असतात. बहुतेक तळ्यांचा ठेका त्यांच्या सोसायटीकडं असतो. मरळ अजून शेपूट आपटत असते तेव्हा तराजूत पडते. काट्यावरचा माणूस आधी तुमच्या सायकलीचे टायर दाबून बघेल, मग किंमत विचारेल. खरी सांगू नका. मी एकदा सांगितली होती, त्यानं मान हलवून शेजारच्याला म्हटलं, ‘एवढ्यात बैलजोडी येते.’ शेजारच्यानं माझ्या सायकलीकडं पुन्हा एकदा पाहिलं आणि विचारलं, ‘आणि ही दूध देते का?’

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी नवेगावबांधलाच असेन. पाऊस झाला नसेल तर अर्जुनीकडची ती कन्हाराची पांदण दाखवीन, कोरडी असताना तिच्याइतकी गुळगुळीत वाट दुसरी नाही.